वत्सगुल्म ते गोवर्धन : द्राक्षमद्याचा आस्वाद व स्थलदर्शन यांची सांगड घालणाऱ्या सहलीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

गेल्या पाव शतकात महाराष्ट्रात पर्यटनाचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. नाशिक परिसरातील वायनरीला भेट द्यावयाची, द्राक्षमळ्यातून हिंडावयाचे, तयार होणाऱ्या वाइनची चव घ्यावयाची आणि त्याच सहलीत त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी, वेरूळ, अजिंठा ही स्थळेही पाहावयाची, असे या प्रकाराचे सर्वसाधारण स्वरूप आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा मार्ग वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. पूर्वी वाशीमकरास नाशिक गाठण्यासाठी अकोल्यास जाऊन मुंबईची गाडी पकडावी लागे. आता तेच अंतर मोटारीने एका दिवसात सहज तोडता येते. त्यामुळे अशा सहलीचा बेत या जिल्ह्यातही आखला जाऊ लागल्यास आश्चर्य नाही.

प्रस्तुत लेखात या बेताकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. वाइन पर्यटनाच्या प्रचारात भारतीय मद्यपरंपरेच्या प्राचीनत्वाचा उल्लेख वारंवार येतो. दख्खनपुरता तो कितपत खरा आहे, हा पहिला प्रश्न होय. दुसरा प्रश्न वाशीमशी निगडित आहे. सहलीच्या छापील वेळापत्रकात अजिंठा असतो, नाशिक असते. परंतु ज्या राजवंशाच्या काळात अजिंठ्याची उत्तम चित्रे रंगविली गेली त्या वंशाची राजधानी मात्र नसते. ती राजधानी म्हणजे वत्सगुल्म, अर्थात आजचे वाशीम. वाशीमचा प्रवासी घरातून निघतो तेव्हाच त्याचे पहिले प्रेक्षणीय स्थळ मागे पडलेले असते, आणि याची त्याला बहुधा कल्पनाही नसते.

उद्यानगमन आणि आपानक

मद्यपान व सहल यांची सांगड ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, असा एक समज आढळतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील नागरकवृत्ताचे प्रकरण वाचले असता तो टिकत नाही. तेथे सुखवस्तू नागरकाच्या करमणुकीचे प्रकार सांगितले असून त्यांत गोष्ठीसमवाय, समापानक आणि उद्यानगमन यांचा समावेश आहे. समापानक म्हणजे एकमेकांच्या घरी जमून केलेले पान. त्यात मधू, मैरेय, सुरा व आसव हे प्रकार असून त्यांच्याबरोबर खारट, तिखट, आंबट अशी तोंडीलावणीही असत. उद्यानगमनासाठी सकाळीच नटूनथटून, घोड्यावर बसून, परिवारासह नगराबाहेर पडावयाचे, दिवस आनंदात घालवावयाचा आणि सायंकाळी उद्यानातील एखादी खूण जवळ बाळगून परतावयाचे, असा क्रम दिलेला आहे. आजचा प्रवासी बाटलीवरचे लेबल किंवा नक्षीदार पेला घरी आणतो. त्याकाळी फुलांचा गुच्छ आणीत. एवढाच काय तो फरक!

कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण अधिक व्यवहारी आहे. पानगृहात निरनिराळ्या खोल्या, शय्या, आसने, सुगंध, फुले व पाणी यांची सोय असावी आणि ते प्रत्येक ऋतूत सुखकर असावे, असे त्यात सांगितले आहे. याच प्रकरणात द्राक्षाच्या रसाला ‘मधू’ अशी संज्ञा दिली असून त्याचे कापिशायन व हारहूरक असे दोन प्रकार सांगितले आहेत. ही नावे उत्पत्तिस्थानांवरून पडलेली आहेत. कापिशी ही नगरी हिंदुकुशाच्या दक्षिणेस, आजच्या अफगाणिस्तानात होती. म्हणजे ग्रंथकाराला द्राक्षमद्य ठाऊक होते, पण ते वायव्येकडून येणारे म्हणून. दख्खनमधील एकाही स्थळाचे नाव या संदर्भात येत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

वत्सगुल्म

कामसूत्रात वत्सगुल्माचाही उल्लेख आहे, आणि तो राजाच्या अंतःपुरातील चालीरीतींच्या संदर्भात. वत्स व गुल्म हे दक्षिणापथातील दोन सख्खे राजपुत्र होते आणि त्यांच्या निवासाचा प्रदेश तो वत्सगुल्म, असे स्पष्टीकरण जयमंगला टीकेत दिले आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत या नगरास कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले असून काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह येथेच लावला आहे. प्राकृत काव्यातील ‘वच्छोमी’ ही रीतीही या नगरावरूनच ओळखली जाते. सोयाबीन व कापसाच्या दरांची चिंता वाहणाऱ्या आजच्या वाशीमला हे वर्णन परके वाटेल, हे खरे. तरीही ते याच गावाचे आहे.

राजकीय इतिहास ताम्रपटांवरून व शिलालेखांवरून सिद्ध होतो. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्थापिली. त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज संपूर्ण उपलब्ध नसून नंतरच्या साहित्यशास्त्रकारांच्या उल्लेखांवरूनच ज्ञात आहे. महाकाव्यात उद्यानक्रीडा, जलक्रीडा व मधुपान यांचे वर्णन असावे, असा दंडीने सांगितलेला संकेत पाहिला म्हणजे या हरवलेल्या काव्याविषयी हुरहूर वाटते. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट इ.स. १९३९ मध्ये प्रकाशात आला. तो वत्सगुल्माहून दिलेला असून त्याची भाषा अंशतः संस्कृत व अंशतः प्राकृत आहे. त्यातील दानभूमी नांदीकट म्हणजे नांदेडच्या परिसरातील आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेख शके ३८० म्हणजे इ.स. ४५८ चा असून देवसेनाच्या कारकिर्दीत स्वामिल्लदेवाने बांधविलेल्या ‘सुदर्शन’ नावाच्या तलावाची नोंद त्यात आहे. वाकाटकांच्या कालनिर्णयाच्या वादात निश्चित शकवर्ष देणारा हा लेख फार मोलाचा ठरला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाकाटकविषयक कार्यामुळे हा सर्व इतिहास मराठी वाचकापर्यंत पोहोचला, परंतु प्रवाशापर्यंत पोहोचला नाही.

या देवसेनाविषयी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात एक मार्मिक उल्लेख आहे. हस्तिभोज या सुयोग्य सचिवावर राज्यभार सोपवून राजा स्वतः सुखोपभोगात रमला, असे त्यावरून कळते. या हस्तिभोजाचा पुत्र वराहदेव हा देवसेनाचा पुत्र हरिषेण याचा सचिव झाला, आणि त्यानेच सोळावे लेणे कोरविले. सुखासीन राजा, कर्तव्यदक्ष मंत्री आणि मंत्रिपुत्राने भिक्षुसंघास दिलेले लेणे ही साखळी वाशीम व अजिंठा यांना जोडते. वाशीममध्ये पद्मतीर्थ व बालाजी मंदिर पाहून, हिस्से-बोराळ्यास जाऊन मग अजिंठ्याकडे निघावे, हा क्रम केवळ सोयीचा नसून इतिहासाचाही आहे.

सार्थमार्ग

वाशीमहून मेहकर, जालना मार्गे अजिंठ्याकडे जाताना वाट थोडी वाकडी करून भोकरदनला थांबता येते. प्राचीन भोगवर्धन ते हेच. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे पाँपेई येथे इ.स. १९३८ मध्ये मिळालेल्या प्रतिमेशी असलेले साम्य सुप्रसिद्ध आहे. इटलीतील ज्वालामुखीखाली गाडले गेलेले शहर आणि जालना जिल्ह्यातील हे गाव यांना जोडणारा धागा व्यापाराचा होता.

त्या व्यापारात मद्यही होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदरातील आयातीची यादी दिली आहे. तीत मद्याचा स्पष्ट उल्लेख असून इटलीच्या मद्याला अधिक पसंती असल्याचे आणि लाओडिकिया व अरबस्तान येथील मद्यही येत असल्याचे म्हटले आहे. राजासाठी आणावयाच्या वस्तूंत चांदीची पात्रे, गाणारी मुले व उंची वस्त्रे यांच्याबरोबर उत्तम मद्याचीही गणना आहे. याच ग्रंथानुसार पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, तर तेर पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते आणि माल गाड्यांतून जात असे.

नेवासे, तेर इत्यादी ठिकाणी ‘ॲम्फोरा’ म्हणजे निमुळत्या तळाच्या दुहाती रांजणांचे तुकडे मिळाल्याचे उत्खनकांनी नोंदविले आहे. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा रांजणांतून मद्याप्रमाणेच जैतुनाचे तेल व मासळीचा रसही येत असे. शिवाय पूर्वी रोमन समजले गेलेले भारतातील अनेक तुकडे मेसोपोटेमिया व इराणी आखाताच्या परिसरातील, आतून डांबर फासलेल्या ‘टॉर्पेडो’ रांजणांचे आहेत, असे रॉबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासातून दिसून आले. तेव्हा खापराचा तुकडा दिसताच ‘येथे रोमन वाइन प्यायली जात होती’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परदेशी मद्य पश्चिम किनाऱ्यावर उतरत होते व ते राजदरबारापर्यंत जात होते, एवढे मात्र ग्रंथाधाराने निश्चित म्हणता येते. ते येथे बनत होते, असे यातून सिद्ध होत नाही; उलट ते दुरून आणावे लागे, हेच यातून दिसते.

येथे जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बैलांच्या तांड्यांनी दख्खनची मालवाहतूक शतकानुशतके चालविणाऱ्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात आहे. तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. सार्थमार्गाचा इतिहास समजून घेऊ इच्छिणाऱ्याने सहलीच्या आदल्या दिवशी ते अवश्य पाहावे.

अजिंठा : चित्रातील चषक

अजिंठ्याची लेणी इ.स. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली आणि १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. वाकाटककालीन लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. येथे पर्यटक पद्मपाणी शोधतात. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने मात्र सतराव्या लेण्याच्या ओसरीत थोडे अधिक थांबावे. दाराच्या वरच्या पट्टीत मानुषी बुद्धांच्या खाली प्रेमी युगुलांच्या चौकटी आहेत. तेथेच विश्वंतर जातकाच्या प्रसंगात राजपुत्र आपल्या पत्नीस मद्याचा पेला देत आहे, असे दृश्य आहे. त्याला हद्दपारीची आज्ञा झालेली आहे. पत्नीला ती वार्ता सांगण्याचा हा क्षण आहे. मद्य येथे विलासाचे चिन्ह नसून सांत्वनाचे साधन आहे. भिक्षूंच्या निवासाच्या दारात चित्रकाराने हा प्रसंग रंगवावा, यात त्याला काही विसंगत वाटले नसावे.

पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेल्या परदेशी व्यक्ती पान करीत बसल्या आहेत. फर्ग्युसनने यांतील मुख्य पुरुष इराणचा बादशहा दुसरा खुस्रो असल्याचे मत मांडले आणि त्याचा संबंध चालुक्य पुलकेशीशी लावला. लेण्याचा काळ पाचवे शतक ठरल्यावर हे मत मागे पडले. परंतु चित्रकाराने चषक परदेशी माणसाच्या हातात दिला, ही गोष्ट पेरिप्लसच्या यादीशी जुळते. द्राक्षमद्य म्हणजे परदेशातून येणारी वस्तू, ही जाणीव चित्रातही उतरली असावी, असे वाटते.

सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. येथील वीर युद्धापूर्वी मद्य पिऊन धुंद होतात आणि हत्तींनाही मद्य पाजतात, असे त्याने लिहिले आहे. ते मद्य कशाचे, हे तो सांगत नाही. मोह, ताडी, शिंदी, ऊस व धान्य यांपासून बनणारी मद्ये येथे सहज उपलब्ध होती. हत्तीला पाजण्यासाठी कोणी इटलीचा रांजण फोडला असेल, असे समजण्याचे कारण नाही.

दौलताबादची द्राक्षे

अजिंठ्याहून नाशिककडे जाताना छत्रपती संभाजीनगर व दौलताबाद लागते. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबाद येथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा येतात, असे नमूद केले आहे. हे विधान अतिशयोक्त वाटेल, पण दख्खनच्या द्राक्षशेतीची ती खरी खूण आहे. युरोपात थंडीने वेल निद्रिस्त होते; येथे ती झोपत नाही. म्हणून शेतकऱ्याला एप्रिलची खरड छाटणी व पावसाळा ओसरल्यावरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते. मध्ययुगात येथे द्राक्षे होती, हे निःसंशय. परंतु ती खाण्याची होती.

गोवर्धन

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने लेण्यातील भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. तिच्यातील दोन हजार एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने ठेवण्यात आले. या श्रेणी गोवर्धन येथील होत्या. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख असून गौतमीपुत्र सातकर्णीच्या अंमलाखालील प्रदेशांच्या यादीत विदर्भाचे नाव कोरलेले आहे. वाशीमच्या प्रवाशाला येथे, घरापासून इतक्या दूर, आपल्या प्रदेशाचे नाव भेटते.

हे गोवर्धन म्हणजे नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूस असलेले आजचे गोवर्धन गाव होय, असे मानले जाते. आणि महाराष्ट्रातील सर्वांत परिचित वायनरी, सुला, याच गावाच्या शिवारात आहे. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, इ.स. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली आणि २००५ मध्ये चव घेण्याचे दालन उघडले. त्यापूर्वी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे शॅम्पेनच्या धर्तीवर फसफसती वाइन बनविण्याचा प्रयोग झाला होता. शासनाने इ.स. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून करसवलती दिल्या आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्कची योजना केली. द्राक्षमद्याची दख्खनमधील खरी परंपरा ही एवढीच, म्हणजे चार दशकांची आहे. तिला दोन हजार वर्षांचे वय चिकटविण्याची आवश्यकता नाही. गोवर्धनच्या मातीला दोन हजार वर्षांचा इतिहास आहेच. तो कापडाचा व व्याजाचा आहे, मद्याचा नव्हे.

कायदा आणि नियोजन

इ.स. १९४९ चा दारूबंदी कायदा, सुधारणांसह, महाराष्ट्रात आजही लागू आहे. वाइनसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तिकडच्या प्रवाशांनी बाटल्या घेऊन परतण्याचा विचार करू नये. याच कायद्याने गावकुसाबाहेरची मोहाची भट्टी गुन्हा ठरते आणि २००१ च्या धोरणाने द्राक्षाची वाइन कृषिप्रक्रिया उद्योग ठरते. एकाचे पिणे व्यसन आणि दुसऱ्याचे पिणे आस्वाद, हा भेद अर्थशास्त्राच्या काळापासून राज्यसंस्थेने महसुलाच्या सोयीने ठरविला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे विदर्भात कमी नाहीत आणि दारूबंदीसाठी येथील स्त्रियांनी दिलेला लढा विसरून हा विषय मांडता येणार नाही. म्हणूनच या सहलीत आस्वाद हा एका संध्याकाळचा व बेताचा भाग असावा, तिचा हेतू होऊ नये. आणि चव घेणाऱ्याने त्या दिवशी गाडी चालवू नये.

वेळ निवडावयाची तर तोडणीचा हंगाम, म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी, उत्तम. २६ जानेवारी हा मद्यविक्री बंद असण्याचा दिवस टाळावा. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे वाशीमहून बुधवारी निघणे सोयीचे. पहिला दिवस वाशीम, हिस्से-बोराळा व शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ यांना द्यावा. दुसऱ्या दिवशी लोणार पाहून भोकरदनमार्गे अजिंठ्याच्या पायथ्याशी मुक्कामास जावे. तिसरा पूर्ण दिवस अजिंठ्याचा. शनिवारी वेरूळ व दौलताबाद, रविवारी प्रवास व विश्रांती. सोमवारी सकाळी पांडवलेणी चढून दहाव्या लेण्यातील लेख पाहावा आणि दुपारनंतर गोवर्धनला जावे. आठवडी सुटी संपलेली असल्याने तेथे गर्दीही कमी असते. परतताना समृद्धी महामार्ग आहेच.

या खर्चाचा मोठा वाटा नाशिक व संभाजीनगरच्या पदरी पडतो. इ.स. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष साहाय्य जाहीर झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशीम होता आणि २०१८ मध्ये तो आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आला. नाशिकहून उलट दिशेने येणाऱ्या प्रवाशाने वाशीमला एक रात्र थांबावे, यासाठी येथे द्राक्षमळा लागत नाही. वाकाटकांचा ताम्रपट कोठे सापडला, सुदर्शन तलाव कोठे होता आणि अजिंठ्याचे सोळावे लेणे कोणाच्या सचिवाने कोरविले, हे सांगणारा एक मराठी फलक पद्मतीर्थाजवळ आणि दुसरा हिस्से-बोराळ्याच्या वाटेवर उभारता येईल. येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना तो मजकूर एका सत्रात तयार करणे अवघड नाही.